यानाने झाडांना वळसा घातला!

बालमित्रांनो, नकाशा उघडा पाहू. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर लॉस एंजेलिस सापडलं? एका बाजूला पॅसिफिक महासागर, दुसऱ्या बाजूला डोंगर आणि मध्ये हे शहर, परातीत ठेवल्यासारखं! मोटारींचा धूर डोंगरांना अडून शहरावरच साचतो. पाऊस बहुतेक हिवाळ्यातच, तोही बेताचा. उन्हाळा अगदी कोरडा.

या शहरात अँडी लिपकिस नावाचा मुलगा राहत होता. १९७० साली, पंधरा वर्षांचा असताना, तो डोंगरातल्या शिबिराला गेला. तिथे त्याला कळलं, की शहराकडून येणाऱ्या धुरक्यामुळे जंगलातली झाडं मरताहेत. मग शिबिरातल्या मुलांनी कुदळ-फावडी उचलली आणि धुरकं सोसू शकणारी रोपं लावली. शाळा संपली, तरी ते काम काही अँडीच्या डोक्यातून जाईना. १९७३ साली, अठराव्या वर्षी, त्यानं ‘ट्रीपीपल’ ही संस्था काढली. ट्रीपीपल म्हणजे झाडवाली माणसं! पुढे चाळीसहून अधिक वर्षं त्यानं हेच काम केलं.

आता तिथल्या एका रस्त्यावर जाऊ या. त्याचं नाव मार्टिन ल्यूथर किंग बुलेवार्ड. काळ्या लोकांच्या समान हक्कांसाठी अहिंसेनं लढणारे डॉ. किंग गांधीजींना फार मानत. त्यांच्या स्मरणार्थ १९९० साली ट्रीपीपलच्या पुढाकारानं स्वयंसेवकांनी या रस्त्यावर पाइनची झाडं लावली.

ऑक्टोबर २०१२ मध्ये या रस्त्यावर अजब पाहुणा आला. तब्बल पंचवीस वेळा अंतराळात जाऊन आलेलं एंडेव्हर यान! विमानतळावरून विज्ञान संग्रहालयापर्यंत सुमारे १९ किलोमीटर ते रस्त्यानंच न्यायचं होतं. पंखांची रुंदी जवळजवळ २४ मीटर! त्यासाठी वाटेतली सुमारे चारशे झाडं तोडली गेली. रहिवासी चिडले. बदली दुपटीहून जास्त झाडं लावू, असं आश्वासन मिळालं. पण इवल्याशा रोपाची सावली ती केवढी?

डॉ. किंग यांच्या स्मरणार्थ लावलेल्या पाइनना मात्र हात लावला नाही. यान हळूहळू वळवत, झाडं चुकवत पुढे काढलं. अंतराळवीरांचं यान झाडांसाठी वाट वाकडी करून गेलं!

रोप लावायला अर्धा तास पुरतो. त्याची दाट सावली मिळायला वीस वर्षं लागतात. मधली वर्षं पाणी घालणाऱ्यांची असतात. तुमच्या शाळेनं पावसाळ्यात लावलेल्या रोपाला मे महिन्याच्या सुट्टीत पाणी कोण घालतं? बघून या बरं. आणि जाताना बादली न्यायला विसरू नका!