सप्रे कुठे ठेवायचे?

प्रत्येक वस्तूला एकच ठरलेली जागा असावी, हे माझं मत आता राहिलेलं नाही. निदान वेबसाइटपुरतं तरी नाही.

भिलाईच्या कारखान्यात, तेही स्टोअर्समध्ये नोकरी केलेल्या माणसाला हे म्हणणं जड जातं. तिथे साध्या बोल्टलाही कोड नंबर आणि रॅक असतो. एकच वस्तू दोन नावांनी नोंदली गेली तर ती दोनदा खरेदी होते. आमचं गावही त्याच शिस्तीचं. टाउनशिपमधला पत्ता म्हणजे सेक्टर, सडक आणि क्वार्टर नंबर. बाकी खाणाखुणा सांगाव्या लागत नाहीत. निवृत्तीनंतर आमच्या मराठी मंडळाची वेबसाइट माझ्याकडे आली, तेव्हा वर्डप्रेसमध्ये मी तीच व्यवस्था उभी केली. विभाग, त्याखाली उपविभाग, त्याखाली वर्ष. शेजारी टॅगचा रकाना होता, तो रिकामाच ठेवायचा असा नियम केला. टॅग म्हणजे आळशी माणसाचं वर्गीकरण, असं मी बैठकीत ठणकावून सांगितलं होतं.

मत पहिल्यांदा हललं ते माधवराव सप्र्यांमुळे. मंडळातल्या एका बाईंनी त्यांच्यावर लेख पाठवला. सप्रे मराठी भाषक. 1900 साली पेंड्र्याहून त्यांनी ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक काढलं. त्यांची 1901 सालची ‘एक टोकरी भर मिट्टी’ हिंदीतल्या अगदी सुरुवातीच्या कथांमध्ये धरली जाते. टिळकांचं गीतारहस्य आणि समर्थांचा दासबोध हिंदीत नेले तेही त्यांनीच. मग हा लेख ‘छत्तीसगढचा इतिहास’मध्ये टाकायचा, ‘अनुवाद’मध्ये, की ‘थोर मराठी माणसं’मध्ये? मी इतिहासात टाकला. त्यामागे कारण होतं, पण ते फक्त माझ्या डोक्यात. दासबोधाच्या वाटेने येणाऱ्याला तो लेख दिसणारच नव्हता.

फोटोंनी तर आणखी गोंधळ केला. ते मी सेक्टरवार लावले होते. 4 फेब्रुवारी 1959 ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते इथली पहिली ब्लास्ट फर्नेस सुरू झाली. त्या काळात आलेली कुटुंबं एकाच क्वार्टरमध्ये थोडीच राहिली? बढती झाली की मोठं क्वार्टर, नवा सेक्टर. निवृत्तीनंतर कोणी दुर्गला, कोणी रायपूरला, कोणी थेट पुण्याला. एकाच घरातली मुंज एका सेक्टरमध्ये आणि लग्न दुसऱ्यात, त्यामुळे माझ्या रचनेत एकाच कुटुंबाची फाटाफूट झाली होती.

ग्रंथालयवाल्यांना हे दुखणं जुनंच आहे. रंगनाथनांनी 1933 साली कोलन वर्गीकरण मांडलं ते एका विषयाला अनेक पैलू असतात हे धरूनच. तरी छापील पुस्तक शेवटी एकाच फळीवर ठेवावं लागतं. वेबसाइटला फळीच नाही. लेख डेटाबेसमध्ये एकदाच साठवला जातो. विभाग आणि टॅग या त्याला जोडलेल्या नुसत्या नोंदी. पाच टॅग लावले म्हणून पाच प्रती होत नाहीत. दोनदा खरेदी होण्याची माझी स्टोअर्समधली भीती इथे लागूच नव्हती, आणि हे कळल्यावर माझ्या विरोधाला आधार उरला नाही. खुद्द वर्डप्रेसमध्येही टॅगची सोय 2007 साली, 2.3 या आवृत्तीत आली. तोवर नुसते विभागच होते. फोटोच्या फाइली तर ते, वेगळं सांगितलं नाही तर, अपलोड केल्याच्या वर्षा-महिन्याच्या फोल्डरमध्ये टाकतं. साठ सालचा फोटो चालू वर्षाच्या फोल्डरमध्ये पाहून मला संताप यायचा. आता वाटतं, फाइल कुठे पडली आहे याच्याशी बघणाऱ्याला काय करायचंय?

लेख पाठवण्याच्या बाबतीतही मी असाच नमलो. लिंकमध्ये मी विभागाचं नाव घातलं होतं, पुढे पूर्ण मराठी शीर्षक. विभाग बदलला की लिंक बदलायची. शिवाय देवनागरीतलं एकेक अक्षर, एकेक मात्रासुद्धा, लिंकमध्ये टक्क्यांच्या चिन्हांसकट नऊ चिन्हांची होते, आणि वर्डप्रेस शीर्षकाला दोनशेच चिन्हं देतं. म्हणजे बावीसेक अक्षर-मात्रांनंतर शीर्षक तुटतं. व्हॉट्सअ‍ॅपवर जे जायचं ते पाहून लोक व्हायरस समजून उघडत नसत. आता लिंकमध्ये फक्त लेखाचा क्रमांक असतो.

टॅग कोणी लावायचे यावर मी जास्त दिवस अडून बसलो. इथली मुलं हिंदी नाहीतर इंग्रजी शाळांत शिकलेली; ‘काळे’ आडनाव ती ‘काले’ असं लिहून शोधतात. मला ते सुचलंच नसतं, त्यांनी दोन्ही टॅग लावले. आता लेख पाठवणाराच स्वतःचे टॅग सुचवतो.

पण नुसतं मोकळं सोडून चालत नाही. ‘गणपती’, ‘गणेशोत्सव’ आणि ‘गणेश उत्सव’ हे वर्डप्रेसच्या लेखी तीन वेगळे टॅग, आणि तिघांत फोटो विखुरलेले. ते एकत्र करण्याचं काम कंटाळवाणं आहे, म्हणून ते माझ्याकडे आहे. सध्या वाद चाललाय तो ‘नाटक’ आणि ‘नाट्यप्रयोग’ यांचा. मुलं म्हणतात, एकच करा. मला ते वेगळे हवेत, कारण मंडळात अभिवाचनंही बरीच झाली, आणि त्यांना प्रयोगात घालायला मन तयार होत नाही.