उघडल्या पाकिटाचा ताबा

लाखेची मोहोर चोराला अडवीत नाही. तो येऊन गेला एवढीच साक्ष ती देते. मराठेशाहीतील पत्रांच्या अखेरीस जे मोर्तब उमटविले जाई त्याचेही प्रयोजन, लिहिणाऱ्याचे म्हणणे जेथे संपले तेथून पुढे अन्य कोणाला एक अक्षरही जोडता येऊ नये, एवढेच असे; मजकूर गुप्त राखण्याचा भार त्याच्यावर नसे. प्रश्नपत्रिकांच्या राखणीत ज्याने आयुष्याचा मोठा भाग वेचला त्याला हे कोणी सांगावे लागत नाही. परंतु ज्या घटकेला मोहोर आपले काम चोख बजावून, चारचौघांच्या देखत, हुकमाप्रमाणे फोडली जाते, त्या घटकेला आमच्या विद्येचा अंमल संपतो आणि खरा धोका त्याच घटकेपासून सुरू होतो, ही गोष्ट मात्र आमच्यातले जाणतेही एकमेकांशी बोलत नाहीत.

मला ती पुरतेपणी उमगली ती निवृत्तीनंतर, आणि तीही एका शिष्येमुळे. बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातील आमच्या तालुक्यात नव्यानेच प्रश्नपत्रिका केंद्रावर पोहोचविणाऱ्या सहायक परिरक्षक म्हणून नेमणूक झालेल्या एक तरुण शिक्षिका नोंदवहीचा नमुना घेऊन माझ्याकडे शंकासमाधानासाठी आल्या. रकाने त्यांनी बारकाईने वाचले होते: पाकिटांची संख्या, सीलची स्थिती, निघाल्याची वेळ, पोहोचल्याची वेळ, देणाराची सही, घेणाराची सही. मग त्या म्हणाल्या, “सर, पाकीट फोडल्यापासून शेवटच्या बाकावरच्या मुलाच्या हातात कागद पडेपर्यंत तो कोणाच्या ताब्यात असतो? त्याला यात रकाना नाही.” मी “केंद्र संचालकांच्या” असे शिरस्त्याचे उत्तर दिले. बाईंचे त्या उत्तराने समाधान झाले. माझे होते तेवढे गेले.

ज्या हेडक्लार्कांच्या हाताखाली मी हे काम शिकलो ते निजामी अमदानीतील कचेरीत घडलेले गृहस्थ होते, आणि कागद एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जाताना तो क्षणभरही बेवारस राहता कामा नये, हा त्यांचा जणू धर्म होता. त्या काळी शाळेच्या सहामाही-वार्षिक परीक्षांच्या प्रश्नपत्रिका आम्ही सायक्लोस्टाइलवर काढीत असू. कपाटाला दोन कुलुपे घालून निर्धास्त झालेल्या मुख्याध्यापकांचे हेडक्लार्कांना हसू येई. कारण त्यांची नजर प्रश्नपत्रिकेवर नसे, तिच्या उष्ट्यावर असे. स्टेन्सिल उजेडासमोर धरले की अक्षर न् अक्षर वाचता येते. स्टेन्सिलखालच्या पाठकागदावर टंकाचा ठसा राहतो. शाई बसेपर्यंत निघालेल्या पुसट प्रती टोपलीत जातात, आणि टोपली झाडूवाल्याच्या हाती. “प्रश्न कपाटातून फुटत नाही, टोपलीतून फुटतो,” असे ते म्हणत, आणि सारे रद्दी कागद स्वतः मोजून, स्वतः जाळून, राखेत पाणी ओतीत. पुढे झेरॉक्सचे यंत्र आले तेव्हा काचेखाली विसरलेली मूळ प्रत हे त्या टोपलीचेच नवे रूप झाले. संगणक आला तेव्हा ‘पुसून टाकली’ म्हणून शपथेवर सांगितलेली फाईल पेन ड्राइव्हमध्ये शाबूत सापडू लागली. यंत्रे बदलली, उष्टे राहिलेच; पण उष्ट्याचा बंदोबस्त करता येतो, आणि मी तो आयुष्यभर केला.

जो करता आला नाही तो त्या मधल्या वेळाचा.

राज्य मंडळाच्या परीक्षेत पेपर अकराचा. पूर्वी प्रश्नपत्रिका नीट वाचून पाहता यावी म्हणून ती अकराला दहा मिनिटे कमी असताना परीक्षार्थींच्या हाती देण्याची सवलत होती, आणि या दहा मिनिटांइतका छळ मला कोणत्याही कुलपाने, रात्रीच्या पाहऱ्याने वा चाचणीच्या तारखांनी केला नाही. दहा मिनिटे आधी वाटावयाची म्हणजे त्याहून आधी फोडावयाची. फोडावयाची म्हणजे मोजावयाची. मोजावयाची म्हणजे पर्यवेक्षक, लिपिक, शिपाई अशा साताठ जोड्या डोळ्यांसमोर ती मांडावयाची. मी नाना उपाय करून पाहिले. पर्यवेक्षकांना एकेकटे न बोलावता एकदम बोलाविले. तेव्हा गर्दी झाली आणि गर्दीत कोण काय पाहतो हे कळेना. एकेकटे बोलाविले, तेव्हा पहिल्याच्या आणि शेवटच्याच्या मध्ये पाच मिनिटांचे अंतर पडले. मोजणी मी स्वतःच करावयाची असे ठरविले. तेव्हा माझ्यावर नजर ठेवावयास कोणी उरले नाही, आणि ज्या राखणदारावर कोणाची नजर नाही तो राखणदार कसला? प्रत्येक उपायाने ती फट इकडची तिकडे सरके. बुजत कधीच नसे. आमच्याकडच्या कणगीला धान्य काढण्यासाठी खाली एक भोक ठेवावेच लागते आणि उंदीर कणगीच्या भिंती सोडून तेच भोक हेरतो. तसा हा प्रकार.

त्यातच घड्याळांचा उपद्रव. मी आकाशवाणीच्या बातम्यांपूर्वीच्या ठोक्यांवर माझे एच.एम.टी. दर सकाळी लावीत असे. पण एखाद्या वाडीवरच्या केंद्राची घंटा तेथल्या शिपायाच्या मनगटावर चाले. आष्टीच्या बाजूला चार मिनिटे आधी वाटप झाले आणि परळीच्या बाजूला तीन मिनिटे उशिरा, तरी जुन्या काळी त्याने कोणाचे काही बिघडत नव्हते, कारण आष्टीचा प्रश्न परळीस पोहोचावयाला एस.टी. लागत असे. हाती कॅमेऱ्याचा फोन आला आणि साऱ्या महाराष्ट्राचे वर्ग एकमेकांच्या खिडकीशी येऊन बसले. पूर्वी जो प्रश्न वर्गाच्या भिंतीपलीकडे फार तर पाणी पाजणाऱ्या पोऱ्यापर्यंत जाई, तो आता अकराच्या आत मुंबईपर्यंत जाऊ लागला. चोरी तेवढीच राहिली, परंतु तिची व्याप्ती शतपट झाली. आणि माझी फट, जी एका केंद्राचे नुकसान करण्यापुरतीच होती, ती अवघ्या राज्याची झाली.

मंडळाने २०२३ च्या परीक्षेपासून ती दहा मिनिटे अकराच्या आधीची काढून शेवटी जोडून दिली. प्रश्नपत्रिकांच्या वाहतुकीचे मोबाइलवर चित्रीकरण, जी.पी.एस.ची नजर, हेही त्याच सुमारास आले. मंडळाच्या या निर्णयाने मला, निवृत्त असूनही, एखादा जुना दावा निकाली निघाल्यासारखा आनंद झाला. तो फार टिकला नाही. त्याच वर्षी ३ मार्चला बारावीच्या गणिताची पाने बुलढाणा जिल्ह्यात, सिंदखेडराजाच्या बाजूला, परीक्षेपूर्वीच मोबाइलवर फिरली आणि विधिमंडळापर्यंत गदारोळ झाला. पोलिसांनी ज्यांना अटक केली त्यांत शिक्षकही होते. कोठेतरी पाकीट वेळेआधी उघडल्याखेरीज असे घडत नाही. म्हणजे दहा मिनिटे सरकविली तरी फट राहिली ती राहिलीच, आणि ती मिनिटांत नसून माणसांत आहे हे मला नव्याने स्वीकारावे लागले.

पंचवीस-पंचवीस प्रश्नपत्रिकांची पाकिटे थेट वर्गात, दोन परीक्षार्थींच्या स्वाक्षऱ्या घेऊन, त्यांच्या डोळ्यांदेखत फोडण्याची रीत आता पडली आहे, आणि ती ज्याला सुचली त्याला मी मनोमन नमस्कार करतो. कारण ज्याच्यापासून गुपित राखावयाचे त्यालाच त्याचा साक्षीदार करणे ही युक्ती आम्हा लाखवाल्यांना कधी सुचली नसती. तरीही त्या वर्गात तिघे गैरहजर असले म्हणजे तीन प्रती शिल्लक राहतात. त्या गोळा करावयास माणूस येईपर्यंत त्या कोणाच्या? पर्यवेक्षकाच्या टेबलावर, पेपरवेटखाली, पंख्याच्या वाऱ्याने फडफडत त्या पडलेल्या असतात, आणि नोंदवहीत त्यांनाही रकाना नाही. बाईंच्या प्रश्नाने मला रात्री जागविले ते येथे.

भरारी पथकांविषयी माझे मत चांगले नाही. ती पोरांचे खिसे चाचपतात, चिठ्ठ्या धरतात, वर्तमानपत्रांत आकडे देतात. पण ज्या केंद्रावर निकालाची टक्केवारी हीच संस्थेची तिजोरी आहे तेथे सोळा वर्षांच्या मुलाच्या मोज्यांतील चिठ्ठीने काय बिघडावयाचे उरते? पेपर मुलांनी फोडल्याचे माझ्या माहितीत उदाहरण नाही. तो मोठी माणसे फोडतात, आणि बहुधा ज्यांच्या हाती किल्ली असते तीच. २०२१ च्या ऑक्टोबरात आरोग्य विभागाच्या ‘क’ आणि ‘ड’ गटांच्या भरतीपरीक्षा झाल्या. त्यांची पेपरफुटी पुण्याच्या सायबर पोलिसांनी खणून काढली तेव्हा अटक झालेल्यांत त्याच विभागाचे अधिकारी निघाले, आणि धागे लातूरमार्गे आमच्या बीड जिल्ह्यापर्यंत आले. येथे कुलूप तोडणारा कोणी नव्हता. १९८२ साली महाराष्ट्राने परीक्षांतील गैरप्रकारांविरुद्ध कायदा केला. २०२४ साली केंद्राने केला, आणि त्यात संघटित गुन्ह्याला दहा वर्षांपर्यंत कैद आणि किमान एक कोटीचा दंड ठेवला. कायद्याशी माझे वैर नाही. परंतु कायदा हाही मोहोरेसारखाच, येऊन गेलेल्याची कैफियत मांडणारा. चीनमध्ये सुंग राजवटीत परीक्षकांनाच परीक्षा आटोपेपर्यंत कोंडून ठेवीत आणि उत्तरपत्रिका कारकुनांकडून नव्याने नकलून घेत, म्हणजे हस्ताक्षरावरून कोणी ओळखीचा निघू नये. त्या लोकांना कागदाचा भरवसा होता; माणसाचा नव्हता. मुंबईसारख्या विद्यापीठांनी प्रश्नपत्रिका ऐनवेळी संगणकावर पाठवून महाविद्यालयातच छापण्याची पद्धत काढली आहे आणि तिची पुष्कळ प्रशंसा होते. मी एवढेच विचारतो की छपाईयंत्राशी उभा कोण असतो, आणि आमच्याकडच्यासारखी वीज गेली तर तो तेथे किती वेळ उभा असतो.

हे सारे इतक्या तळमळीने का, असे कोणी विचारले तर मी ऊसतोडीचे नाव घेतो. आमच्या जिल्ह्यातून दिवाळीच्या सुमारास कोयते, म्हणजे ऊसतोडीची जोडपी, बाहेर पडतात ते पश्चिम महाराष्ट्रात नि कर्नाटकात, आणि परततात बहुधा परीक्षा होऊन गेल्यावर. त्यांची दहावीची लेकरे मागे आजीपाशी किंवा हंगामी वसतिगृहात राहतात आणि एकटीच परीक्षेला बसतात. फुटलेला पेपर विकत घेण्याची ऐपत त्यांच्यापैकी कोणाची नसते. गुणांच्या यादीत जे वर सरकतात त्यांच्यामुळे हीच मुले खाली जातात, आणि आपण कशामुळे खाली गेलो हे त्यांना कधी कळतही नाही. हे कारण खरे आहे, उदात्त आहे, आणि तालुक्याच्या प्रशिक्षणात मी ते दरवर्षी सांगतो.

पण तेवढेच कारण असते तर मी इतका वेडापिसा झालो नसतो. मला माझ्या मोहोरेचा गर्व होता. पितळी ठसा मी घरी चिंचेने घाशीत असे. माझी लाख कधी करपली नाही, की ठशाची कड कधी तुटली नाही, आणि सील न पाहता केवळ बोटांनी चाचपून पाकीट ‘हाताळलेले’ आहे की नाही हे मी सांगे, तेव्हा रखवालीवरचा पोलीस शिपाई थक्क होऊन पाही, ते मला आवडे. स्वतःच्या विषयाची प्रश्नपत्रिकाही मी वर्ग सुटेपर्यंत वाचीत नसे. तसा नियम कोणी घातला नव्हता, आणि हे मी करतो हे चार जणांना ठाऊक असावे अशी व्यवस्थाही मी बेमालूमपणे करून ठेवली होती. माझी मुलगी ज्या वर्षी दहावीला बसली त्या वर्षी नियमाप्रमाणे मला या कामातून मोकळे केले गेले. तिच्या गणिताची चिंता करावयाची सोडून, कपाटाच्या किल्ल्या दुसऱ्याच्या जानव्याला, म्हणजे करदोट्याला, लटकणार या विचाराने मी महिनाभर घरात घुम्यासारखा वावरलो, हे तिच्या आईने मला अजून विसरू दिलेले नाही.

आता लाख नाही. न उचकटणारे प्लास्टिकचे लिफाफे आहेत, आणि मोतीबिंदू झाल्यापासून त्यांच्यावरचे क्रमांकही मला भिंगावाचून दिसत नाहीत. बाईंनी आपल्या केंद्रापुरता एक जादा रकाना नोंदवहीत हाताने आखून घेतला आहे: फोडल्याची वेळ, वाटप पुरे झाल्याची वेळ, शिल्लक प्रती, आणि त्या मधल्या वेळी खोलीत उभ्या असलेल्या प्रत्येकाची सही. फट बुजली नाही, परंतु तिला आता नावे आहेत. आणि नाव लिहिले गेले की माणूस हात खिशातून बाहेर काढून उभा राहतो, इतपत मलाही माहीत आहे. रकाना फार चांगला आहे. तो मला सुचावयास हवा होता, असे मी बाईंना बोललो नाही; फक्त रेघा वाकड्या आल्या आहेत, पट्टी घेऊन आखा, एवढे सांगितले.

आणि खरे सांगावयाचे तर मार्च उजाडला की मी वर्तमानपत्र उघडून आधी पेपरफुटीचीच बातमी शोधतो. ती दुसऱ्या जिल्ह्यातली निघाली म्हणजे, त्या जिल्ह्यातही कोयत्यावर गेलेल्यांची लेकरे आहेत हे पुरते ठाऊक असताना, माझ्या मनात पहिली जी भावना उठते ती दुःखाची नसते. आमच्या कारकिर्दीत असे एकदाही झाले नाही, अशी ती असते. आणि दुःख येते ते तिच्यामागून, थोडे उशिरा, थोडे ओशाळून.