रायफल बघायला गेलो

आमच्या घरी आजवर मोठी अशी खरेदी झाली ती जनावरांची. आबांची बैल पारखण्याची ख्याती आमच्या पंचक्रोशीत आहे. वडगावच्या बाजाराला कोणी निघाला की आदल्या रात्री आमच्या सोप्यात येऊन बसतो आणि सकाळी आबांना बरोबर घेऊनच जातो. इतर लोक दात बघतात, शिंगे बघतात, वशिंड चाचपतात. आबा यातले काही करत नाहीत असे नाही; पण त्याआधी ते बैलाला पन्नास पावले चालवून बघतात. "उभं जनावर समदंच देखणं दिसतं," हे त्यांचे ठरलेले वाक्य.

अशा घरात मी रायफल घ्यायची म्हणाले, तेव्हा काय झाले असेल याची वाचकांनी कल्पना करावी.

नेमबाजीशी माझा संबंध आला तो आपल्या कॉलेजच्या एन.सी.सी.मुळे. प्रथम वर्षाला असताना शिबिरात पालथे झोपून ०.२२ बोअरच्या रायफलीने २५ मीटरवर पाच गोळ्या मारायच्या होत्या. मी डोळे मिटूनच चाप ओढणार, अशी मैत्रिणींची खात्री होती. लक्ष्याचा कागद काढून आणला तेव्हा पाचही भोके आमच्या देवघरातल्या निरांजनाखाली झाकतील इतकी जवळ पडलेली. सुभेदारसाहेब कागदाकडे आणि माझ्याकडे आळीपाळीने बघत राहिले. त्यांनीच पुढे कोल्हापुरातल्या एका क्लबचा पत्ता दिला, आणि मी आठवड्यातून तीनदा एस.टी.ने तिकडे जाऊ लागले.

क्लबात दहा मीटरची हवाई रायफल असते. नळी ४.५ मिलिमीटरची, छर्रा साधारण अर्ध्या ग्रॅमचा. लक्ष्याच्या मधोमध दहा गुणांचा ठिपका असतो तो अर्ध्या मिलिमीटरचा, म्हणजे खसखशीच्या दाण्याहूनही लहान. तो ठिपका नेमबाजाला दिसतच नाही. दिसते ते साडेतीस मिलिमीटरचे काळे वर्तुळ. ते माशीच्या कड्यात बरोबर मधोमध बसवायचे, श्वास अर्धा सोडायचा आणि चापावर बोट नुसते वाढवत न्यायचे. स्पर्धेत हे साठ वेळा करायचे असते, पंचाहत्तर मिनिटांत. एका छर्ऱ्याला जास्तीत जास्त १०.९ गुण. सगळे वर्ष त्या दशांशांसाठी झिजते.

अडचण अशी की क्लबाची रायफल एक आणि आम्ही मुली सहा. प्रत्येकीची मान वेगळी, हात वेगळा. माझ्या आधी जी उभी राहिली असेल तिने गालाची पट्टी वर केलेली, खांद्याचा टेकू लांब केलेला. माझा पाऊण तास तो सगळा संसार पुन्हा मांडण्यात जाई आणि तो कधीच कालच्यासारखा बसत नसे. दुसऱ्याच्या पायाची वहाण घालून शर्यत पळावी तसे होते हे. सर एकदा म्हणाले, "यापुढे स्वतःची रायफल असल्याशिवाय तुझे गुण वाढणार नाहीत." ते वाक्य मी घरी सांगितलेच नाही. सांगून काय करणार? जर्मनीच्या वाल्थर, फाइनवेर्कबाऊ, अनशुट्झ या नव्या रायफलींची किंमत लाखांत असते हे मला माहीत होते आणि आमचे ऊसबिल किती येते हेही माहीत होते.

मग १ ऑगस्ट २०२४ उजाडला. पॅरिस ऑलिंपिकमध्ये स्वप्निल कुसाळे यांनी ५० मीटर थ्री पोझिशन प्रकारात ब्राँझपदक मिळवले. ते आमच्याच राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचे. त्या संध्याकाळी दूध संस्थेत धारेपेक्षा नेमबाजीचीच चर्चा जास्त झाली म्हणे. आबा रिकामी किटली घेऊन परत आले, पाय धुतले आणि जेवताना खाली मान घालून म्हणाले, "तुझी ती बंदूक केवढ्याला पडती?"

माझ्या आधी आईच बोलली. "बंदूक घरात येणार न्हाई. त्या अमेरिकेत शाळंतली लेकरं मारली त्ये इसरला व्हय?"

आईने ती बातमी २०२२ च्या मे महिन्यात ऐकली होती. टेक्सासमधल्या उव्हाल्डी गावच्या शाळेत एकोणीस मुले आणि दोन शिक्षिका गेल्या, तेव्हा ती दोन दिवस नीट जेवली नव्हती. कारण तिच्या भावाचा मुलगा, म्हणजे आमचा मामेभाऊ, त्याच राज्यात नोकरीला आहे. मी तिला समजावू लागले की ती रायफल निराळी, ही निराळी. हिच्यात दारू नाही, नुसती दाबलेली हवा. ४.५ मिलिमीटर नळीच्या आणि २० ज्यूलच्या आत ताकद असलेल्या हवाई रायफलीला आपल्याकडे परवानाही लागत नाही. आई म्हणाली, "परवाना लागत न्हाई म्हणजे माणसाला लागत न्हाई असं हाय का?" या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. नेम चुकला तर तिनेही डोळा जाऊ शकतो. मी तेवढेच कबूल केले आणि रायफल कायम कुलपात राहील, किल्ली आईजवळ राहील असे ठरले. आजही ती तिच्याच कमरेला आहे.

गंमत अशी की या व्यवहारात मला पहिला खरा सल्ला मिळाला तो त्या मामेभावाकडूनच. दादाने तिकडे ०.२२ बोअरची अर्धस्वयंचलित रायफल घेतलेली आहे, रूगर कंपनीची १०/२२. हे मॉडेल १९६४ पासून निघते. दहा काडतुसे गोल फिरणाऱ्या छोट्या पेटीत बसतात. एकदा चाप ओढला की एक गोळी जाते, तिच्याच धक्क्याने रिकामे टोपण बाहेर पडते आणि पुढचे काडतूस आपोआप नळीत येते. दुकानदाराने त्याच्या पूर्वेतिहासाची तपासणी करून ती त्याला दिली. आपल्याकडे तसली रायफल सामान्य माणसाला सहजी मिळणारी नाही. साध्या ०.२२ लाही परवाना लागतो. मी त्याला फोनवर म्हटले, "दादा, तुझे बरे, दहा गोळ्या सटासट. आम्हाला प्रत्येक छर्रा हाताने भरावा लागतो."

तो हसला नाही. म्हणाला, "सटासट मारायला कुठलीही चालते गं. मी घेताना तीनच गोष्टी बघितल्या. चाप दर वेळी एकाच जागी सुटतो का, नळी आणि दस्ता एकमेकांत घट्ट बसलेत का, आणि दहावी गोळी पहिलीच्या शेजारी पडते का." मुळातला चाप त्याला जड वाटला म्हणून त्याने तो बदलून घेतला. दस्त्याचा स्क्रू ढिला असताना गोळ्या पसरतात, म्हणून तो दर वेळी सारखाच आवळतो. शिवाय त्याने पाच कंपन्यांची काडतुसे आणून पन्नास यार्डांवर प्रत्येकाच्या पाच-पाच गोळ्या मारल्या. सर्वांत महाग काडतूस त्या रायफलीला मानवले नाही; मधल्या किमतीचे मानवले. "रायफलीलाही आवडनिवड असते. तिला विचारल्याशिवाय ठरवू नकोस," असे म्हणून त्याने फोन ठेवला. हे आबांना सांगितले तर ते म्हणाले, "मग आपल्या वैरणीगतच की!"

नवी रायफल परवडणार नाही हे एका दुकानातच कळले. दुकानदाराने अदबीने चहा पाजला, किंमत सांगितली, आणि चहा संपेपर्यंत आबा काही बोलले नाहीत.

दुसरी बघितली ती वापरलेली. मालक शहरातला, बोलणे गोड. रायफल इतकी चकचकीत की माझा जीव तिथेच अडकला. निळा दस्ता, नवी कापडी पिशवी. खांद्याला लावली तर तोल छान, चापही हलका. मी आबांकडे बघून मान हलवली. आबा मात्र नळीखालच्या हवेच्या नळकांड्याकडे बघत होते. त्यावर एक नवाकोरा, रंगीत स्टिकर होता.

"ह्यो कागद कशाला लावलाय?" आबांनी विचारले.

"शोभेला हो, मामा."

आबांनी नखाने त्याचा कोपरा उचलला. खाली कोरलेली तारीख होती. मी हिशेब केला आणि माझे हात गार पडले. या नळकांड्यात २०० बार दाबाची हवा भरतात. मोटारसायकलीच्या चाकात असते ती दोन-सव्वादोन बार. म्हणून त्याचे आयुष्य दहा वर्षे धरतात आणि त्यानंतर ते स्पर्धेत चालत नाही. या नळकांड्याला तेरावे वर्ष लागलेले होते. ही गोष्ट मला माहीत होती, क्लबाच्या भिंतीवर लिहिलेली होती. आणि तरीही निळ्या दस्त्याच्या नादात मी ती तपासली नव्हती. आबांना नळकांडे म्हणजे काय हे त्या दिवसापर्यंत ठाऊक नव्हते. बाहेर आल्यावर ते एवढेच म्हणाले, "शिंगं रंगवल्यालं जनावर दिसलं, की रंगाखाली बघावं."

तिसरी रायफल एका ताईंची होती. बारा-तेरा वर्षांपूर्वी त्या राज्य स्पर्धेपर्यंत पोहोचलेल्या. आता लग्न झाले, मूल लहान, आणि सासरच्या गावात रेंज नाही. रायफल जर्मन, फाइनवेर्कबाऊ. दस्ता जागोजागी घासलेला, पण नळकांडे नवे, तारीख स्वच्छ दिसणारी. ताई स्वतःच म्हणाल्या, "आधी मारून बघ, मग बोलू." त्यांनी आम्हाला क्लबात नेले. रायफल शिकंज्यात पकडून मी पाच छर्रे मारले. आधी ४.४९ चे, मग ४.५० चे. ४.४९ चे थोडे फाकले. ४.५० च्या पाचांचे मिळून एकच भोक पडले. हवेचा काटा रात्रभर हलतो का हेही बघू दिले. तो हलला नाही. आबा खुर्चीत बसून सगळे बघत होते. मी उभी राहून साठ छर्रे मारीपर्यंत ते उठले नाहीत. "चालून बगितलीस न्हवं?" एवढेच त्यांनी विचारले.

पैसे मोजून झाले. ते नव्या पाइपलाइनचे पैसे होते. ताईंनी एक वही दिली. तिच्यात कोणत्या दिवशी टेकू किती, पट्टी किती, गुण किती, हे सगळे बारीक अक्षरात लिहिलेले. दस्त्यावर पेन्सिलीच्या छोट्या रेघा होत्या. त्या म्हणाल्या, "माझ्या खुणा पुसून टाक आणि तुझ्या कर." मग पेटी बंद करण्याआधी त्यांनी दस्त्याला बांधलेला एक विटका लाल दोरा सोडला आणि मुठीत घेतला. आमच्याकडे जनावर विकणारा आपले दावे काढून ठेवतो. आबांनी ते पाहिले आणि तोंड दुसरीकडे वळवले. निघताना ते ताईंना म्हणाले, "पोरी, कवा मन झालं तर ये. हाय हितंच."

एस.टी.त पेटी मांडीवर घेऊन बसले होते तेव्हा मला आनंद होत होता, आणि त्या आनंदाची थोडी लाजही वाटत होती. ताईंनीही ही पेटी एकदा अशीच मांडीवर घेऊन नेली असेल. त्यांचेही वडील शेजारी बसले असतील. बारा वर्षांनी मीही कोणासमोर दोरा सोडत असेन का, हा विचार राधानगरी येईपर्यंत सुटला नाही.

नव्या रायफलीने पहिल्या स्पर्धेत मी ५९८.६ गुण केले. निवड झाली नाही. पाइपलाइनही अजून झालेली नाही. आबा पहाटे उठून पाटाचे पाणी बारे बदलून देतात. त्याच वेळी मी सोप्यात भिंतीसमोर रिकामी रायफल धरून उभी असते. आई कमरेची किल्ली काढून देते आणि चुलीकडे जाते. पण जाता जाता माझ्या कोपराकडे एकदा बघते. परवा म्हणाली, "आज हात कमी हलतोय."

ताईंच्या पेन्सिलीच्या खुणा मी पुसलेल्या नाहीत. माझ्या त्यांच्या शेजारी केल्या आहेत.