टोळांनी खाल्लेली वर्षं

योएल संदेष्ट्याच्या पुस्तकात पाप कोणतं घडलं, ते सांगितलेलंच नाही. आमोस गरिबांच्या पिळवणुकीचा जाब विचारतो, होशेय मूर्तिपूजेवरून कळवळतो. पथुएलाचा मुलगा योएल मात्र उजाड रानात उभा राहून ‘परत फिरा’ एवढंच सांगतो. पुस्तक तीन छोट्या अध्यायांचं. राजाचं नाव नाही, साल नाही. आहे ती यहूदावर लाटेमागून लाट आलेली टोळधाड.

ती वाचताना घसा कोरडा पडतो. द्राक्षवेली गेल्या, डाळिंब आणि खजूर वाळले, ढेकळांखाली बी सुकलं. चारा नाही म्हणून गुरं कळपाकळपांनी भटकताहेत. अंजिराची सालसुद्धा सोलली गेली आणि फांद्या पांढऱ्या पडल्या. मला हे कवीचं बोलणं वाटायचं. पण 1915 साली मार्चपासून ऑक्टोबरपर्यंत पॅलेस्टाईनवर टोळ आले, तेव्हा यरुशलेममधल्या अमेरिकन कॉलनीच्या छायाचित्रकारांनी झाडांचे फोटो काढून ठेवले. साल गेलेल्या फांद्या त्यांत खरोखरच पांढऱ्या दिसतात. योएलाने ते डोळ्यांनी पाहिलेलं असणार.

अशा वेळी लोक अंगावरचे कपडे फाडत आणि गोणताट नेसत. शोकाची रीतच होती ती. योएलाचं तेवढ्याने समाधान होत नाही. फाटायला हवं ते काळीज, असं त्याचं म्हणणं. तो रणशिंग फुंकायला लावतो आणि सगळ्यांना बोलावतो. म्हातारे यावेत, अंगावर पिणारी बाळं यावीत, नव्या नवऱ्या-नवरीनेही खोलीतून बाहेर यावं. तान्ह्या बाळाने कसला पश्चात्ताप करायचा? पण गुन्हेगार शोधायला हा मेळावा भरलेलाच नाही. भूक सगळ्यांची एक, म्हणून परतणंही सगळ्यांनी मिळून. दरवर्षी राखेच्या बुधवारी कपाळाला राख लावण्याआधी कॅथलिक चर्चमध्ये योएलाचा हाच भाग वाचतात.

आणि योएल हमी देत नाही. देव कदाचित वळेल, म्हणतो. वळलाच, तर मागे निदान अर्पणापुरतं धान्य आणि द्राक्षारस ठेवून जाईल. उपाशी माणसाने आधी अर्पणाचं धान्य मागावं, यात मला त्याची सगळी श्रद्धा दिसते. टोळांनी अर्पणालाही काही ठेवलं नव्हतं, म्हणजे जणू मंदिराचं दारच बंद पाडलं होतं. त्याला आधी ते उघडायला हवं होतं.

मग देवाला दया येते, आणि धीराचा पहिला शब्द जातो जमिनीला. भिऊ नकोस, असं मातीला सांगितलं जातं, नंतर रानातल्या जनावरांना, आणि मग कुठे सियोनच्या लेकरांची पाळी येते. माणूस तिसरा! नवं जीवन म्हटलं की आपण थेट आत्म्याबद्दल बोलू लागतो. योएलाकडे आधी पाऊस पडतो, खळी भरतात, टोळांनी खाल्लेल्या वर्षांची भरपाई होते. त्यानंतर देवाचा आत्मा ओतला जातो, आणि तो मुलगे-मुली, म्हातारे-तरुण, दास-दासी, कुणालाच वगळत नाही.

दासींचं नाव त्यात आहे, म्हणून मला केडगाव आठवतं. पंडिता रमाबाईंनी 1896-97 च्या आणि नंतर 1900 च्या दुष्काळातून किती तरी मुली आणि विधवा तिथल्या आपल्या मुक्ती सदन आश्रमात आणल्या. आधी त्यांच्या पोटात अन्न पडलं, अंगावर धड कपडा आला, हाताला काम आणि शिक्षण मिळालं. 1905 साली त्याच मुली तासन्‌तास रडत प्रार्थना करू लागल्या. योएलाचा क्रम तिथे चुकला नव्हता. पुढे रमाबाईंनी केलेलं बायबलचं मराठी भाषांतर आश्रमाच्याच छापखान्यात छापलं गेलं, आणि खिळे जुळवायला तिथल्याच बायका-मुली होत्या. टोळांचे ते तीन अध्यायही त्यांच्याच हातांनी जुळवले असणार.