रिकामा शब्द

इंग्रजी शिकविणाऱ्याचा धर्म कोणताहि असो, १६११ सालचें इंग्रजी बायबल वाचल्यावांचून त्याला गत्यंतर नसतें. मीहि तें भाषेसाठींच वाचीत आलों. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या बाराव्या अध्यायांतलें एक वचन मात्र भाषेपाशीं थांबूं देत नाहीं. माणूस जो रिकामा शब्द बोलेल, त्याचा जाब त्याला न्यायाच्या दिवशीं द्यावा लागेल, असा त्याचा आशय.

पूर्वीं हा न्याय मला फार कडक वाटे. घटकाभराच्या थट्टेचाहि जमाखर्च ठेवणारा देव म्हणजे एखादा चिकट कारकूनच! पण संदर्भ पाहिला, तर तेथें गप्पागोष्टींचा प्रश्नच नाहीं. भूतबाधेनें आंधळ्या-मुक्या झालेल्या माणसाला येशूनें बरें केलें, आणि परूश्यांनीं तें भुतांच्या सरदाराचें साह्य म्हणून एका वाक्यांत निकालांत काढलें. मूळचें ग्रीक विशेषण 'आर्गोस', म्हणजे काम नसलेला. विसाव्या अध्यायांत मजुरीवांचून बाजारांत उभ्या असलेल्या माणसांनाहि तेंच लावलें आहे, आणि इंग्रजी भाषांतरकारांनीं दोन्हीं ठिकाणीं 'आयडल' हाच शब्द योजिला आहे. त्या मजुरांना दिवस कलतांना कां होईना, द्राक्षमळ्याच्या धन्यानें कामाला लाविलें. रिकामा शब्द कोणाची वाट पाहत नाहीं.

वीसएक वर्षांपूर्वीं एका विद्यार्थ्याचा निबंध वर्गांत वाचून दाखवितांना, 'ह्या लेखकानें किराण्याचें दुकान काढावें. निदान हिशेब तरी बरोबर येतील,' असें मी बोलून गेलों. वर्ग हंसला. मी तें विसरलोंहि.

गेल्या वर्षीं एका लग्नांत ते गृहस्थ भेटले. वांकून नमस्कार करून म्हणाले, "सर, त्या दिवसानंतर मीं कांहीं लिहिलें नाहीं. आपलें बरोबरच होतें."

त्यांच्या स्वरांत राग असता, तर मला बरें वाटलें असतें. वह्यांच्या समासांत मीं जे शेरे लिहिले, ते सारे तोलून-मापून. त्यांचें समर्थन मी कोणापुढेंहि करीन. हें वाक्य तसें नव्हतें. त्यांत निबंधाविषयीं मत नव्हतेंच, वर्गाला हंसविण्याची हौस तेवढी होती. खरें सांगायचें, तर तो निबंध मीं शेवटपर्यंत वाचलाच नव्हता.

हें त्यांना तेथल्या तेथें सांगायला हवें होतें. तेवढ्यांत पानें मांडल्याची हांक आली, आणि त्यांनीं मला आग्रहानें आपल्या शेजारीं बसवून घेतलें.