शिळफाटा आणि शाळेच्या अंगणाची किल्ली

मुंबईहून जुन्या महामार्गाने पुण्याकडे निघालेल्या प्रवाशाला बोरघाटाची चढण सुरू होण्यापूर्वी खोपोली लागते आणि खोपोलीत शिळफाटा. ठाणे जिल्ह्यातील याच नावाचा फाटा निराळा. हा रायगडच्या खालापूर तालुक्यातील, सह्याद्रीच्या अगदी पायथ्याचा. पावसाळ्यात समोरच्या कड्यांवरून धबधबे उतरतात, मळवाटांवर ढग टेकतात आणि रस्त्याकडेच्या दुकानांच्या पत्र्यांवर पावसाचा ताशा दिवसभर वाजत राहतो.

या भूमीचा इतिहास म्हणजे वाटेचा इतिहास आहे. येथून जाणाऱ्यांसाठी नाना फडणवीसांच्या काळचा तलाव आणि त्याकाठचे शिवमंदिर आजही उभे आहे. १८३० मध्ये बोरघाटातून गाडीरस्ता झाला. १८५६ मध्ये रेल्वे खोपोलीपर्यंत आली. पुढे घाट चढणारा लोहमार्ग १८६३ मध्ये पूर्ण होईपर्यंत प्रवासी येथे उतरत, पालखीत किंवा तट्टावर बसून खंडाळा गाठत आणि वर पुन्हा गाडीत बसत. १९१५ मध्ये टाटांचे जलविद्युत केंद्र येथे सुरू झाले. लोणावळ्याच्या माथ्यावरचे पाणी खाली येऊन मुंबईच्या गिरण्यांना वीज देऊ लागले. २००२ मध्ये द्रुतगती मार्ग पूर्ण झाला. त्यावर दुचाकी आणि तीनचाकी वाहनांना मज्जाव असल्यामुळे जुन्या रस्त्यावरची त्यांची वर्दळ कायम राहिली. जाणाऱ्यांसाठी येथे दोन शतके काही ना काही बांधले गेले. राहणाऱ्यांचे काय, हा प्रश्न संध्याकाळी फाट्यावर उभे राहिले की पडतो.

२०११ च्या जनगणनेत खोपोली नगरपालिकेच्या हद्दीतील लोकसंख्या ७१ हजारांच्या वर होती. कारखाने आले, त्यांच्यामागून वसाहती आल्या, इमारती उठल्या. फाट्यासारख्या ठिकाणी पुढे दुकान आणि मागे किंवा माडीवर घर, अशी व्यापारी कुटुंबांची जुनी रीत. चोविहार पाळणाऱ्या घरांत सूर्यास्तापूर्वी जेवणे उरकतात. हिवाळ्यात सहाच्या सुमारास दिवस मावळतो; दुकान मात्र रात्री नऊपर्यंत उघडे असते. या मधल्या तीन तासांत घरातली मुले कोठे जातात? कोणी गल्ल्याशेजारच्या स्टुलावर मोबाइल घेऊन बसते, कोणी दुकानासमोरच्या चार हात जागेत चेंडू टप्पे देत खेळते. चेंडू रस्त्यावर गेला की आई माडीवरून ओरडते. तो चेंडू आणण्यासाठी धावणाऱ्या मुलाच्या आणि येणाऱ्या ट्रकच्या मधले अंतर तिला वरून स्पष्ट दिसत असते.

याच तालुक्यात २०१३ पासून इमॅजिका हे मोठे मनोरंजन उद्यान आहे. मुंबई-पुण्याची कुटुंबे तेथे दिवसभराच्या आनंदासाठी तिकीट काढून येतात. रोजच्या संध्याकाळी खेळण्यासाठी मुलाला तिकीट काढता येत नाही. त्याला घरापासून पायी जाता येईल असे, विनामूल्य आणि निर्धोक मैदान लागते. असे मैदान बहुतेक गावांत आधीच असते. ते शाळेच्या फाटकाआड असते आणि शाळा सुटली की फाटकाला कुलूप लागते.

बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या २००९ च्या कायद्याने प्रत्येक शाळेला क्रीडांगण असावे, असे परिशिष्टातच नमूद केले आहे. हरियाणातील एका शाळेच्या मैदानावर झालेल्या अतिक्रमणाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये क्रीडांगणाशिवाय शाळा असू शकत नाही, असे ठणकावून सांगितले. म्हणजे ही जागा समाजाने कायद्याने राखून ठेवली आहे. तिचा वापर किती होतो, याचा हिशेब व्यापाऱ्याच्या नजरेने मांडून पाहावा. त्याच कायद्यानुसार सहावी ते आठवीच्या वर्गांना वर्षाला किमान २२० दिवस शाळा भरावी लागते. उरले १४५ दिवस. शाळेचा दिवस सहा तासांचा धरला, तर २२० दिवसांचे १३२० तास होतात. वर्षभरातील उजेडाचे तास साधारण ४३८० असतात. याचा अर्थ दिवसाउजेडी दोन तृतीयांशांहून अधिक वेळ हे अंगण रिकामे पडलेले असते. त्यातही मे महिन्याची आणि दिवाळीची सुट्टी, म्हणजे मुले सर्वांत मोकळी असतात तेव्हाच, कुलूप सर्वांत घट्ट असते. गोदामात माल इतका काळ पडून राहिला, तर कोणत्या पेढीवर ते चालेल?

शाळा सुटल्यावरही शाळा गावाची असते, ही जाणीव आपल्याकडे नवी नाही. मतदानाच्या दिवशी वर्गखोल्या गावासाठी उघडतात, पुरात आणि वादळात बेघर झालेल्यांना शाळेतच आसरा मिळतो. १९ जुलै २०२३ च्या रात्री याच खालापूर तालुक्यातील इरशाळवाडीवर दरड कोसळली. त्या वेळी वाडीच्या शाळेत असलेली काही मुले वाचली आणि त्यांनीच मदतीसाठी हाक दिली, असे तेव्हाच्या वृत्तांत आले होते.

मुंबई-पुणे मार्गाने पायी विहार करणारे साधू-साध्वी या घाटाखालून जातात, हे जैन कुटुंबांना सांगायला नको. जेथे उपाश्रय नसतो तेथे शाळेची खोली किंवा व्हरांडा रात्रीपुरता मागितला जातो. त्या मागण्यालाही मर्यादा आहे. जागेच्या धन्याची अनुज्ञा, म्हणजे अवग्रह, घेतल्याशिवाय तेथे वास करायचा नाही आणि वापरण्यासाठी घेतलेला पाट निघताना जसाच्या तसा परत सोपवायचा. अनुमती, मर्यादित काळ आणि होती तशी परत केलेली जागा, ही तीन पथ्ये पाळली तर शाळेचे अंगण मुलांच्या हाती देण्यात कोणते भय उरते?

जगातील मोठ्या शहरांनी हाच मार्ग धरला आहे. न्यूयॉर्क शहराने २००७ मध्ये आपल्या विकास आराखड्यात प्रत्येक रहिवाशाला दहा मिनिटांच्या चालण्यावर उद्यान मिळावे, असे ध्येय ठेवले आणि त्यासाठी नवी जमीन शोधण्याबरोबरच शाळांची अंगणे शाळेच्या वेळेबाहेर उघडण्याचे ठरवले. जी अंगणे खेळण्यायोग्य होती ती आधी उघडली. बाकीच्यांची दुरुस्ती करून ती टप्प्याटप्प्याने खुली केली. पॅरिसने २०१८ च्या सुमारास शाळांच्या अंगणांतील डांबर काढून तेथे माती आणि झाडे आणायला सुरुवात केली. त्यांपैकी अनेक अंगणे शनिवारी परिसरातील कुटुंबांसाठी उघडली जातात आणि देखरेख स्थानिक संस्था करतात. आपल्या देशाच्या २०२० च्या शैक्षणिक धोरणातही शाळेच्या वास्तूचा रिकामा वेळ समाजाच्या उपयोगी आणावा, असे म्हटले आहे.

तरीही मुख्याध्यापक कुलूप काढायला कचरतात आणि त्यांची कारणे खरी आहेत. खिडकीची काच फुटली तर भरपाई कोण देणार? मूल पडले तर जबाब कोणी द्यायचा? अंधार पडल्यावर टवाळखोर शिरले, बाटल्या पडल्या, तर सकाळी झाडणार कोण? मोठ्या मुलांनी सारे मैदान क्रिकेटला व्यापले, तर लहानग्यांनी आणि मुलींनी कोठे जायचे? दिवसभर शिकवून थकलेल्या शिक्षकांवर हा भार टाकणे अन्यायाचे होईल. त्यात कोकणातला पाऊस. जून ते सप्टेंबर मैदान चिखलाचे असते आणि तेव्हा फार तर व्हरांडाच उपयोगी पडेल.

या शंकांची उत्तरे वेळापत्रकात आणि माणसांत आहेत. ऑक्टोबर ते मे, रोज संध्याकाळचे दोन तास एवढीच सुरुवात पुरेशी आहे. त्यातला एक तास लहान मुलांसाठी आणि मुलींसाठी राखता येईल. रायगड जिल्ह्याचा लाडका खेळ कबड्डी. तिचे पुरुषांचे मैदान १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद, महिलांचे १२ गुणिले ८ मीटर. शाळेचे अंगण लहान असले तरी एवढी जागा बहुधा निघते. वर्गखोल्या बंद ठेवून फक्त अंगण, पाण्याचा नळ आणि स्वच्छतागृह उघडता येते. शाळा व्यवस्थापन समितीत कायद्याने तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला. अनुमतीचा ठराव तेथे होऊ शकतो. खासगी संस्थेत तो विश्वस्तांनी करायचा. मग उरतो एका रखवालदाराचा पगार, दोन दिव्यांचे वीजबिल, झाडलोट आणि फुटक्या काचेसाठी बाजूला ठेवलेली थोडी रक्कम.

येथे व्यापारी समाजाचे काम सुरू होते. अनेक गावांतील शिक्षणसंस्थांच्या विश्वस्त मंडळांत व्यापारी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या बसत आली आहेत. खोल्या बांधून दिल्या, त्यांवर आजोबा-आजींच्या नावाच्या संगमरवरी पाट्या लागल्या, त्या खोल्यांत हजारो मुले शिकली. रखवालदाराच्या पगारावर पाटी लावता येत नाही, म्हणून त्या खर्चाला दाता सहसा मिळत नाही. खरे तर नवी खोली बांधण्याच्या खर्चापुढे हा खर्च किरकोळ आहे. पैशाहूनही दुर्मीळ गोष्ट म्हणजे जबाबदारी घेणारे नाव. “काही झाले तर मला बोलवा,” असे मुख्याध्यापकांना सांगणारी चार-पाच घरे फाट्यावर पुढे आली, आठवड्याचे वार वाटून घेतले, वारकऱ्याप्रमाणे आपापला वार चुकवला नाही, तर कुलूप काढणे सोपे होईल. उधारी आणि शब्द सांभाळण्याची सवय असलेल्या पेढ्यांना ही शिस्त शिकवावी लागणार नाही.

सूर्य घाटाच्या समोरच्या बाजूला, खाडीकडे मावळतो. डोंगरावर शेवटचे ऊन काही वेळ रेंगाळते. शिळफाट्यावर दिवे लागतात. माडीवरच्या आईने मुलाला “खाली जा, पण आठच्या आत ये,” असे सांगावे आणि पुन्हा खिडकीशी उभे राहण्याची वेळ तिच्यावर येऊ नये, एवढेच येथे मागणे आहे. मैदान आहे, मुले आहेत. किल्ली कोणाच्या तरी खिशात आहे आणि तो खिसा बहुधा याच बाजारपेठेतला आहे.