डाग की गोंदण?

मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर सांभाळून घ्या. पण ही गोष्ट इंग्रजीत सांगताच येत नाही, कारण तिच्यातला मुख्य शब्द मला इंग्रजीत सापडला नाही.

2019 च्या ऑगस्टमध्ये वारणेला पूर आला, तेव्हा माझ्या आजोळी घरात पाणी शिरलं. भिंतीवरचा आजीचा फोटो भिजला आणि काचेलाच चिकटला. काच काढली असती तर चेहराही सोबत निघाला असता. म्हणून यंदाच्या सुट्टीत मी तो काचेसकट स्कॅन केला आणि आईला ऐटीत म्हटलं, "आठ दिवसांत नवा करून देते!"

होस्टेलवर आल्यावर फोटोशॉप उघडलं. क्लोन स्टॅम्प घेतला, तर तो चालेचना. कुठून उचलायचं ते आधी ऑल्ट दाबून दाखवावं लागतं, हे मला माहीतच नव्हतं. मग मूळ फोटो बिघडू नये म्हणून वर रिकामा लेयर घेतला. ब्रश फिरवते तर काहीच उमटेना. सँपलच्या जागी 'करंट लेयर' होतं. रिकाम्या लेयरमधून उचलणार काय, कप्पाळ? तिथे 'करंट अँड बिलो' पाहिजे. तेही केलं, तर ब्रश अर्ध्या चेहऱ्यावर येऊन थांबला. कोपऱ्यात मघाचं सिलेक्शन तसंच राहिलं होतं. कंट्रोल डी!

1998 मध्ये 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्पातून ज्या वारणा परिसरात गावोगावी कॉम्प्युटर पोहोचले, तिथे इंजिनिअरिंगच्या मुलीला एक ब्रश चालवता येऊ नये! रूममेट हसून हसून लोळायची बाकी होती.

पुढची अडचण पदराची. हीलिंग ब्रश आजूबाजूच्या रंगात रंग मिसळून देतो. त्यामुळे काठाशी फिरवला की पदराचा काळेपणा गालावर पसरायचा. काठाशी क्लोन स्टॅम्प आणि मोकळ्या जागी हीलिंग, हे कळायला दोन रात्री गेल्या.

मग स्पॉट हीलिंग सापडलं. एक क्लिक, एक डाग गायब. घाईत मी ते सरळ मूळ फोटोवरच चालवलं. टिक, टिक, टिक... चेहरा कसा लख्ख! त्याच नावाने सेव्ह केलं आणि आईला पाठवला.

आईचा फोन आला. बराच वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली, "माझ्या आईचं गोंदण कुठं गेलं गं?"

कुंकवाखाली दोन ठिपके, हनुवटीवर एक. पुराच्या डागांबरोबर मी तेही पुसले होते. आजी गेली तेव्हा मी दोन वर्षांची. तिचा चेहरा मला फोटोतूनच ठाऊक, आणि फोटोत सगळे ठिपके सारखेच दिसत होते. टूल बिघडलं नव्हतं, उलट पहिल्यांदाच अगदी बरोबर चाललं होतं. डाग कोणता ते मी सांगितलं होतं.

रविवारी एसटीने घरी गेले. पुन्हा स्कॅन केलं. या वेळी आई शेजारी बसली आणि स्क्रीनवर बोट ठेवून सांगत गेली, "हा पाण्याचा, काढ. हा राहू दे, देवीचा व्रण आहे. हे गोंदण." लहानपणी जत्रेत गोंदून घेताना आजी रडली नव्हती म्हणे. दागिने इथंच राहतात, गोंदण तेवढं सोबत येतं, असं ती म्हणायची. वीस वर्षांत आई आजीबद्दल माझ्याशी एवढं कधी बोलली नव्हती.

तेव्हा मित्रमैत्रिणींनो, ब्रश चालत नसेल तर ऑल्ट, सँपल आणि सिलेक्शन तपासा. मूळ फाइलची कॉपी ठेवा. आणि ब्रश झकास चालायला लागला, की त्या चेहऱ्याला ओळखणारं कुणीतरी शेजारी बसवा.

फोटोची नवी प्रिंट आता माझ्या टेबलावर आहे. परवा रूममेट म्हणाली, "अगं, हनुवटीवरचा एक डाग राहिला की!"

मी म्हटलं, "बस, सांगते."